बहात्तर खांब

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आत नव्हतेच म्हणे! केसरकाकूंनी नवऱ्याच्या अपघाताबद्दलचा कंपनीचा कागद आणून माझ्या हातात दिला – "अंजली, तू शिकलेली, वाच बरं काय लिहायलेत ते." वाचला. परत वाचला. ९ जानेवारीला दुपारी दोन वाजून दहा मिनिटांपासून कामगार रंगराव हे गोदामाच्या आवाराबाहेर, रस्त्यापलीकडच्या टपरीवर होते. परत येताना मागच्या भिंतीवर चढले आणि पडले. तीन वाजून पाच मिनिटांनी सिक्युरिटीला भिंतीलगत सापडले. सबब, हा अपघात कामावरचा नाही. पुरावा – मोबाइलचं लोकेशन.

बावन्न वर्षांचा माणूस. अकरा वर्षं काळेवाडीत आमच्या शेजारच्या खोलीत राहतोय. चाकणच्या त्या गोदामात वायरमन, कॉन्ट्रॅक्टवर. खुब्याचं हाड दोन ठिकाणी मोडलंय, डोक्याला मार. त्या दिवसाचं काहीच आठवत नाही त्यांना. सकाळी डबा घेऊन निघालो, इथपर्यंत आठवतं. पुढे एकदम हॉस्पिटलचा पंखा.

आणि पत्र्याच्या छपराखालचं लोकेशन म्हणे पुरावा! वाकडच्या आमच्या ऑफिसात मी पाच वर्षं दुसरं करते काय? मॉलमध्ये, हॉस्पिटलात फोन नेमका कुठे आहे ते शोधायचं – कारण उपग्रहाचा सिग्नल छपराखाली पोचतच नाही. मग फोन अंदाज मारतो. ठिपका शंभर-दीडशे मीटर कुठेही टाकतो. रस्त्यापलीकडेसुद्धा. टपरीवरसुद्धा.

काकूंना म्हणाले, हे खोटं आहे. त्या म्हणाल्या, "कशावरून माय?"

बरोबर आहे. कशावरून?

४ फेब्रुवारी

हॉस्पिटलात जाऊन आले. काकांना कोणीतरी कागदाचं सांगितलंय. माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेलो असेन गं मी. तंबाखू संपली असेल."

तुम्ही कामाच्या वेळेत कधी गेला होतात का बाहेर?

"कधीच न्हाई. पण आता कागदावर हाय म्हनल्यावर..."

हे मला सहन होईना. हाड मोडलं ते एक. पण माणूस स्वतःवरच अविश्वास दाखवायला लागलाय!

पप्पांना सांगितलं. ते पिंपरीत एकतीस वर्षं लेथवर होते. ९४ साली त्यांच्या बोटाचं पेर गेलं तेव्हा रजिस्टरमध्ये 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. मशीनचं गार्ड महिनाभर मोडलेलं होतं. पप्पा एवढंच म्हणाले, "तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं."

९ फेब्रुवारी, रविवार

सापडलं!!

काकांचा फोन काकूंनी कपाटात रुमालात गुंडाळून ठेवला होता. काच तडकलेली, पण चालू आहे. काकांचा अंगठा लावून उघडला – म्हणाले, बघ पोरी, माझ्यात काय झाकायचं हाय.

कॉन्ट्रॅक्टरचं हजेरीचं ॲप आहे त्यात. सगळ्या कामगारांना सक्तीचं. ते दर तीन मिनिटांनी लोकेशन टिपतं, कंपनीने तेच कागदावर लावलं. पण ॲप सोबत आणखी एक गोष्ट टिपतं, आणि ती कंपनीने बघितलीच नाही, किंवा बघायची नव्हती: त्या क्षणी आजूबाजूचे कुठले वायफायचे डबे ऐकू येत होते आणि किती जोरात.

गोदामात असे सतरा डबे आहेत. माल मोजायच्या स्कॅनरसाठी छताला लावलेले. दाराजवळ उभं राहिलं तर पहिला डबा मोठ्याने ऐकू येतो, सतरावा जवळजवळ नाहीच. मागच्या टोकाला उलट. म्हणजे प्रत्येक जागेचा आवाज वेगळा. ९ जानेवारीचा सगळा दिवस फाइलमध्ये आहे. दोन अकरा, दोन चौदा, दोन सतरा... प्रत्येक ओळीत डब्यांची नावं आणि आकडे.

दोन अकराच्या ओळीत नऊ डबे आहेत. टपरीवरून आतले नऊ डबे ऐकू येतील? शक्यच नाही.

पण 'शक्यच नाही' हे माझं म्हणणं. कागदावर दाखवायचं तर गोदामाचा नकाशा हवा – कुठल्या खांबाशी कुठला डबा किती ऐकू येतो, त्याचा. त्यासाठी तिथे चालावं लागतं. प्रत्येक खांबापाशी. आत.

१० फेब्रुवारी

स्वरूपा मॅडमशी बोलले. ऑफिस त्यांचं, आम्ही आठ जण. वाटलं होतं, नको म्हणतील – आमचे निम्मे ग्राहक कंपन्याच आहेत. थोडा वेळ पेन फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "सॉफ्टवेअर वापर. ऑफिसचं काम सांभाळून. आणि अंजली – चुकीचं निघालं तर तेही त्याच कागदावर लिहायचं. कबूल?"

कबूल.

१५ फेब्रुवारी, शनिवार

कंपनीला रीतसर मेल केली होती, एक दिवस आत येऊ द्या म्हणून. रविराज साहेबांचं उत्तर आलं – तिथले एचआर. "सुरक्षेच्या कारणास्तव परवानगी देता येणार नाही." तीन ओळी. त्यात माझं नाव चुकीचं.

काकांच्या फोनमधून दोन सहकाऱ्यांना फोन लावले. एकाने काकांचं नाव ऐकताच ठेवला. दुसरा म्हणाला, "ताई, मार्चमध्ये आमचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. मी काही बघितलं नाही."

संध्याकाळी हॉस्पिटलात गेले तर खाटेशी एक बाई बसलेल्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, हातात केळी. दुर्गाबाई. गोदामात झाडू मारतात. खेडच्या अलीकडच्या गावच्या. कंपनीतून काकांना बघायला आलेल्या त्या पहिल्याच. सबंध गोदाम रोज झाडतात – एकही गल्ली सुटत नाही.

मी बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. नोकरी जाऊ शकते हेही. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी झाडते. खांबापाशी आले की ह्ये बटन दाबायचं. त्यात चोरी काय हाय?"

चोरी काहीच नाही.

"मंग दे फोन."

१८ फेब्रुवारी

काल दुर्गाबाईंना काकांचाच फोन दिला. प्रत्येक फोनचा कान वेगळा असतो. दुसऱ्या फोनने मोजलं तर आकडे जुळणार नाहीत. गोदामात बहात्तर खांब आहेत. दुर्गाबाईंना इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत, म्हणून क्रम ठरवला – मोठ्या दारापासून सुरू, नागमोडी, मागच्या शटरला शेवट. बहात्तर खांब, बहात्तर वेळा बटण.

पहिली शिफ्ट साडेतीनला सुटते. अर्धी रजा टाकून स्कूटरवर चाकणच्या चौकात जाऊन उभी राहिले. मोशीपासून पुढे ट्रकच ट्रक. दुर्गाबाई आल्या, फोन परत दिला, बस पकडून गेल्या. 

एकोणसत्तर! तीन खांब कुठे गेले?

२० फेब्रुवारी

युक्ती त्यांचीच. आता बटण दाबून खांबाचं नाव बोलतात. नावंही त्यांचीच. आज ऑफिसात कानाला लावून ऐकत बसले: "ह्यो पान्याचा." "ह्यो उंदराचा." "ह्यो साहेबाच्या केबिनीम्होरला." "ह्यो माळ्याखालचा." मागे फोर्कलिफ्टचे भोंगे, आणि मधेच झाडूची खरखर.

बहात्तरच्या बहात्तर.

२३ फेब्रुवारी, रविवार

सगळं मुसळ केरात. नकाशा तयार केला, ९ जानेवारीच्या ओळी त्यात घातल्या – आणि रंगरावकाका उड्या मारायला लागले! दोन अकराला पाण्याच्या टाकीपाशी, दोन चौदाला साठ मीटरवर साहेबांच्या केबिनसमोर, दोन सतराला परत टाकीपाशी. हा कागद घेऊन गेले तर हसतील सगळे. आणि बरोबरच हसतील.

काकू रोज विचारतात, झालं का. आज मी दार उघडलंच नाही. लाज वाटली नंतर.

२६ फेब्रुवारी

अजून उड्याच.

३ मार्च, सोमवार

पप्पा गॅसवर चहा ठेवत होते, मी मागून म्हणाले साखर कमी घाला. ऐकलंच नाही त्यांनी. पुढे जाऊन सांगितलं तेव्हा ऐकलं. आणि तिथेच कळलं!

दुर्गाबाई फोन कमरेला पुढच्या बाजूला खोचतात. माणसाचं अंग म्हणजे निम्मं पाणी – ते वायफाय अडवतं. त्या मागच्या शटरकडे तोंड करून चालतात तेव्हा पाठीमागचे डबे फोनला निम्मेच ऐकू येतात. म्हणजे मी मोजलेला नकाशा अर्धा गोदामाचा आणि अर्धा दुर्गाबाईंच्या पाठीचा!

फोन लावला. उलटंही झाडाल का? शटरपासून दाराकडे?

"दोनदा झाडू?"

हो.

"साहेब म्हनल, बाई यडी झाली. म्हनू दे."

८ मार्च

उलटसुलट चार फेऱ्या झाल्या. उड्या कमी झाल्या, पण एक डबा अजून दगा देतोय – अकरा नंबरचा. जानेवारीच्या फाइलमध्ये तो एका कोपऱ्यात जोरात ऐकू येतो आणि आता भलत्याच. मी दोन दिवस माझ्याच हिशेबात चूक शोधत होते. शेवटी दुर्गाबाईंना विचारलं, छतावर काही बदललंय का.

"त्यो डबा? त्यो संक्रातीनंतर हालवला की. शिडी मीच धरली हुती."

मी डोक्याला हात लावला. अकरा नंबर काढून टाकला. सोळांवर भागवायचं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. खाली पोरं रंगली होती, मी खिडकी लावून बसले.

बसले ठिपके!

दोन अकरा ते दोन अडतीस – दहा ओळी. दहाही ठिपके एकाच जागी, चार-पाच मीटरच्या आत. मागच्या बाजूचा माळा. दुर्गाबाईंचा 'माळ्याखालचा'. हजेरीच्या ॲपवर आलेल्या त्या दिवशीच्या कामाच्या चिठ्ठीत काय आहे? माळ्यावरच्या ट्यूब बदलणे! टपरी नाही. भिंत नाही. काका माळ्यावरून पडले आणि सत्तावीस मिनिटं तिथेच पडून होते.

मोठ्याने ओरडले. पप्पा धावत आले. त्यांना दाखवलं. चष्मा पुसून बघितला आणि प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवत गेले.

मग दहाव्याच्या पुढे बोट गेलं. "आणि हे?"

दोन एक्केचाळीस – मधली गल्ली. दोन चव्वेचाळीस – मागचं शटर. दोन सत्तेचाळीसपासून पुढे फक्त दोन डबे, तेही क्षीण. म्हणजे बाहेर. भिंतीपाशी.

डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय – अशा अवस्थेत एक पाऊलही टाकता येत नाही. मग साठ मीटर कसे गेले?

पप्पा म्हणाले, "गेला नाही. नेला."

१६ मार्च, रविवार

काकांना आता घरी आणलंय. नकाशा त्यांच्या पांघरुणावर पसरला. हे दार, ही टाकी, हा माळा. त्यांनी बोट ठेवलं – "हितं पडलो मी?"

हो काका.

"म्हंजी कामावरच."

कामावरच.

बराच वेळ बोट उचललं नाही. मग तोंड भिंतीकडे केलं. काकूंनी मला हाताने खुणावलं, आम्ही बाहेर येऊन उभ्या राहिलो. पुढच्या ठिपक्यांचं आज नाही बोलले.

२२ मार्च

स्वरूपा मॅडमचा आग्रह – परीक्षा घेतल्याशिवाय कागद बाहेर जाणार नाही. दुर्गाबाईंनी आम्हाला न सांगता वीस जागी थांबायचं, आम्ही इथे बसून ओळखायचं, मग त्यांनी खरं सांगायचं. अठरा बरोबर! दोन चुकल्या, त्यातली एक अकरा मीटरने. दोन्ही चुका कागदावर लिहिल्या. मॅडमनी स्वतः खाली सही केली. ऑफिसच्या शिक्क्यासकट. 

"एक ग्राहक जाईल फार तर," म्हणाल्या.

८ एप्रिल, मंगळवार

काकूंनी केलेल्या भरपाईच्या दाव्याची सुनावणी. चौकशीचे साहेब वयस्कर, हळू बोलणारे. मी दीड तास बोलले.  डबे, खांब, पाठ, अकरा नंबर, वीस परीक्षा – सगळं. चुकाही.

रविराज साहेब उठले. "मॅडम, हे मॉलमध्ये चपलांचं दुकान शोधायचं यंत्र आहे."

मी म्हणाले, हो. आणि तुमचं कॅब बोलवायचं आहे. छपराखाली यापैकी कुठलं चालतं ते वीस वेळा तपासलंय. तुमचं किती वेळा तपासलंत?

चौकशीचे साहेब पहिल्यांदा हसले. मग कागद जवळ ओढला. "दोन अडतीसपर्यंत हा माणूस आत होता, असं प्रथमदर्शनी दिसतं."

काकूंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

पण रविराज साहेब पुढचीच ओळ घेऊन आले. "यांच्याच कागदावर दोन सत्तेचाळीसला तो बाहेर आहे. म्हणजे चालत गेला. इजा बाहेरच झाली. आधीची सत्तावीस मिनिटं तो बसलेलाही असू शकतो. झोपलेलाही."

मी म्हणाले – त्यांना नेलंय.

"कोणी?"

चौकशीच्या साहेबांनीही माझ्याकडे बघितलं. "कोणी नेलं, बाई? तुमचा ठिपका ते सांगतो का?"

नाही सांगत.

पुढची तारीख सोळा एप्रिल, बुधवार. शेवटची.

११ एप्रिल

हार मानणार नाही. हजेरीच्या फाइलमध्ये आजूबाजूच्या फोनची नोंद असते का, ते ओळ न ओळ बघितलं. नसते. त्या दिवशी शिफ्टला असलेल्या बाकीच्यांचे फोन मिळाले तर त्यांचेही ठिपके काढता येतील – दोन एक्केचाळीसला मधल्या गल्लीतून कोण कोण सोबत सरकलं ते लगेच कळेल. पण कॉन्ट्रॅक्टर फाइल देणार नाही. अर्ज करून ठेवला. शटरवरचा कॅमेरा? 'बंद होता.' पायांच्या हालचालीवरून काही निघतं का, तेही बघितलं. फोनच्या हिंदकळण्यावरून चालणं आणि वाहून नेणं वेगळं ओळखता येतं, पण तीन मिनिटांतून एकदाच नोंद आहे. पुरत नाही.

दुपारी दुर्गाबाईंचा फोन. काय झालं म्हणून विचारलं. सगळं सांगितलं, साहेबांचा प्रश्नसुद्धा. पलीकडे ट्रकचे आवाज. मग – "बरं." ठेवला.

१३ एप्रिल

एकही नवीन वाट नाही. बुधवारी निदान अर्जाची पोच दाखवीन. मुदत मागीन. मागतच राहीन.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. पप्पा पांढऱ्या सदऱ्यात सकाळीच विहारात गेलेले. मी निघणार तर दारात दुर्गाबाई! सुट्टी म्हणून दोन बस बदलून आल्या. पाणी दिलं, ते तसंच हातात धरून उभ्या राहिल्या.

"आमी चौघांनी न्हेलं त्याला. पाय मी धरलं हुतं. सुपरवायझर म्हनला मोकळ्या हवंत घ्या, गाडी तिकडंच येतीय. गाडी आलीच न्हाई. मंग म्हनला, कुनी काई बगितलं न्हाई."

 मी विचारलं, बुधवारी साहेबांसमोर हे सांगाल?

"त्याच्यासाठीच आले."

मग दोन महिने आपण बोलतोय दुर्गाबाई, आधी का नाही सांगितलंत?

"तू भात्तर खांबास्नी इचारलंस पोरी. मला कुटं इचारलंस?"